दृष्टान्त आणि अभंग

लातूर-नांदेडकडील कीर्तनकार निरूपणास एकच अभंग घेतो आणि दृष्टान्तांनीं तो फुलवितो. जपानांतील ‘नारुतो’ या निंजांच्या चित्रकथेस पडद्यावर हीच रीत पत्करावी लागली. मासाशी किशिमोतो यांची ही कथा एका साप्ताहिकांत १९९९ ते २०१४ पर्यंत ७०० प्रकरणांत प्रसिद्ध झाली. २००२ सालीं सुरू झालेल्या दूरचित्रवाणी-मालिकेच्या एका भागांत अनेकदां एकाहून अधिक प्रकरणें खर्ची पडत. त्यामुळें मालिका मूळ कथेस गांठूं लागली. तेव्हां पहिल्या २२० भागांपैकीं अखेरचे सुमारें ऐंशी बहुतांशीं नव्या उपकथांनीं भरले गेले. परंतु दृष्टान्त लांबला म्हणजे श्रोत्यास अभंगाचा विसर पडतो. अंगांत नऊ शेपट्यांचा कोल्हा कोंडलेला असल्यामुळें गांवानें दूर लोटलेल्या पोरक्या मुलास आपला म्हणेल कोण, हाच या कथेचा अभंग होय.