विमानाला ब्रेक लावतं कोण?

माळेगाव बुद्रुकला इंजिनीअरिंग करणाऱ्यांना बारामती विमानतळावरची ट्रेनिंगची छोटी विमानं काही नवीन नाहीत. पण ‘मोठं इंजिन टाका, पळेल दुप्पट!’ हे कट्ट्यावरचं गणित हवेला मान्य नाही. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध ढोबळमानाने चौपट होतो आणि ताकद लागते आठपट. म्हणजे १८० हॉर्सपॉवरच्या सेसना १७२ एसला चक्क १४४० हॉर्सपॉवर!

बरं, दिलं तेवढं इंजिन. तरी तिच्या स्पीडच्या काट्यासमोर १६३ नॉटवर, म्हणजे ताशी सुमारे ३०२ किलोमीटरवर, लाल रेघ आहेच. नाक खाली करून सूर मारला की गुरुत्वाकर्षणाची ताकद फुकटात मिळते, आणि काटा तिकडे सरकायला वेळ लागत नाही. रेघ ओलांडली तर पंख-शेपटी थरथरून तुटूही शकतात. याला म्हणतात फ्लटर. शिकाऊ पायलटला हा आकडा झोपेतही आठवायला हवा.

जेटचं दुखणं वेगळं. ध्वनीच्या वेगाजवळ विरोध एकदम उसळतो, म्हणून एअरबस ए३२० ला मर्यादा त्या वेगाच्या ०.८२ पटीची. काँकॉर्ड मात्र ध्वनीच्या दुप्पट वेगाने जायचं. तिथे पुढची हवा दाबली जाऊन त्याचं नाक १२७ अंश सेल्सिअसपर्यंत तापायचं. ॲल्युमिनियमच्या बॉडीला त्याहून जास्त सोसवत नव्हतं, म्हणून त्याचाही स्पीड तिथेच अडला.