स्कूटरवरची गुरं आणि न वाचलेला रकाना

चारा घोटाळा म्हटलं की आधी आठवते ती स्कूटर. गुरं वाहून नेल्याची बिलं, बिलांवर ट्रकचे म्हणून टाकलेले नंबर, आणि परिवहन खात्यात पडताळले तेव्हा त्या नंबरांच्या निघालेल्या स्कूटरी, मोपेडी, रिक्षा. किस्सा खरा आहे, आणि तो सांगताना कोणीही हसू आवरत नाही. पण तीस वर्षं तोच चघळल्यामुळे मूळ गोष्ट मागे पडली. स्कूटर फार उशिरा सापडली. बिहारच्या पशुसंवर्धन खात्यात पैसा मुरतोय, हे त्याच्या कितीतरी आधी सरकारच्याच छापील हिशेबात दिसत होतं. फक्त त्या रकान्याकडे कोणी बघत नव्हतं.

सरकारी तिजोरीतून रुपया काढायचा तर वाट ठरलेली असते. विधिमंडळाने तरतूद मंजूर करायची, वरच्या कार्यालयाने ती जिल्ह्याला वाटून द्यायची, आहरण व संवितरण अधिकाऱ्याने माल मिळाल्याच्या नोंदीसह बिल करायचं आणि कोषागाराने ते तपासून पास करायचं. चारही दारांवर माणूस बसवलेला. बिहारमध्ये कुठलंही दार फोडावं लागलं नाही. वाटपाची पत्रं बनावट, पुरवठादार संगनमतातले, चारा, औषधं आणि मका साठावहीत आल्याची नोंद झाली की झालं. कोषागारात बिल आलं की सही, सही झाली की रक्कम. कागद एकमेकांशी नीट जुळत होते. गोठ्याशी जुळवून पाहायचं कोणाचं कामच नव्हतं.

जानेवारी 1996 मध्ये राज्याचे वित्त आयुक्त व्ही. एस. दुबे यांनी जिल्ह्याजिल्ह्यांना जादा उचलीची तपासणी करायला सांगितलं. पश्चिम सिंहभूमचे उपायुक्त होते अमित खरे, मुख्यालय चाईबासा. त्यांनी कोषागारातली बिलं मागवली. एकाच जिल्ह्यात एका खात्याची महिन्याची उचल कोटींच्या घरात, आणि गठ्ठ्यातल्या बिलांचे आकडे जवळजवळ सारखे, दहा लाखांच्या जरासे आत. ज्याने आयुष्यात एकदा तरी खरेदीची फाइल हाताळली आहे, त्याला हे ‘जरासे आत’ लगेच कळतं. मर्यादेच्या वर गेलं की वरच्या साहेबाची मंजुरी लागते, म्हणून खरेदीचे तुकडे पाडायचे. 27 जानेवारीला खऱ्यांनी खात्याच्या कार्यालयांवर छापे घातले, तेव्हा बाबूलोक पळालेले आणि मागे कागदांचा पसारा.

पुढचं सर्वांना माहीत आहे. मार्च 1996 मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला, सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. जुलै 1997 मध्ये लालूप्रसाद यादवांनी मुख्यमंत्रिपद सोडलं. सप्टेंबर 2013 मध्ये चाईबासाच्या 37 कोटी 70 लाखांच्या प्रकरणात विशेष न्यायालयाने त्यांना दोषी ठरवलं. 139 कोटींच्या डोरांडा कोषागार प्रकरणाचा निकाल लागायला फेब्रुवारी 2022 उजाडलं. सगळी प्रकरणं मिळून रक्कम साधारण 950 कोटी सांगितली जाते.

आता त्या रकान्याकडे येऊ. प्रत्येक राज्याचे विनियोजन लेखे दरवर्षी तयार होतात. रचना अगदी रुक्ष: अनुदानाचा क्रमांक, मंजूर रक्कम, प्रत्यक्ष खर्च आणि शेवटी जादा किंवा बचत. मंजुरीपेक्षा जास्त खर्च झाला तर राज्यघटनेच्या अनुच्छेद 205 प्रमाणे सरकारने विधिमंडळापुढे जाऊन तो नियमित करून घ्यायचा असतो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बिहारच्या पशुसंवर्धन खात्याचा खर्च तरतुदीच्या दुप्पट, पुढे तिपटीच्या आसपास जात होता. राज्यातली गुरं एकाएकी तिप्पट झाली नव्हती. त्याही आधी, 1985 मध्ये, तेव्हाचे नियंत्रक व महालेखापरीक्षक टी. एन. चतुर्वेदी यांनी कोषागारांचे मासिक हिशेब वेळेवर येत नसल्याचं मुख्यमंत्री चंद्रशेखर सिंह यांना लिहून कळवलं होतं. हिशेब लांबतो तिथे बहुधा काहीतरी झाकलेलं असतं. ऑडिटवाल्यांना हे सांगावं लागत नाही.

मग वाचणारे कुठे होते? महालेखापरीक्षकांना अटक करता येत नाही, वसुली करता येत नाही. ते अहवाल देतात, राज्यपाल तो सभागृहापुढे ठेवायला लावतात आणि लोकलेखा समिती त्यावर खात्याच्या सचिवांना धारेवर धरते, निदान धरावं अशी अपेक्षा असते. बिहारमध्ये या समितीचं अध्यक्षपद भूषवलेल्या एका आमदारालाच याच घोटाळ्यात शिक्षा झाली. मला तरी स्कूटरपेक्षा हा तपशील जास्त बोलका वाटतो. घटना समितीत बाबासाहेब आंबेडकरांनी महालेखापरीक्षक हा राज्यघटनेतला बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे, असं मत मांडलं होतं. त्याचा अहवाल ज्यांच्या हाती पडणार, त्यांच्या नियतीचा बंदोबस्त मात्र कुठल्या अनुच्छेदाने करायचा?

एक खुलासा इथेच केलेला बरा, कारण वर्तमानपत्रं हा घोळ हमखास घालतात. लेखापरीक्षणात निघालेली प्रत्येक रक्कम चोरीची नसते. अपहार वेगळा, टाळता आला असता असा खर्च वेगळा, आणि मिळू शकलं असतं पण मिळालं नाही असं उत्पन्न तिसरंच. 2010 च्या टू-जी अहवालातला 1 लाख 76 हजार कोटींचा आकडा या तिसऱ्या जातीचा, अंदाजित नुकसानीचा होता, आणि अहवालात त्याहून बरेच लहान अंदाजही दिलेले होते. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये 122 परवाने रद्द केले, तर विशेष न्यायालयाने 2017 मध्ये सगळे आरोपी निर्दोष सोडले. चाईबासात असा वाद घालायला जागाच नव्हती. पैसा गेला होता आणि चारा आलाच नव्हता.

आपल्याकडे तालुक्याच्या कार्यालयात ऑडिट आलं की आधी हालचाल होते ती चहापाण्याची, मग रोकडवह्या बाहेर निघतात. तपासणाऱ्याचा पहिला कागद अर्धसमासाचा: पान उभं दुमडलेलं, एका अंगाला आक्षेप, दुसरं अंग उत्तरासाठी कोरं. ‘प्रमाणक उपलब्ध नाही.’ ‘मोजमाप पुस्तिकेत नोंद नाही.’ समोरच्या कोऱ्या जागेत ठरलेलं उत्तर पडतं, ‘अनुपालन सादर करण्यात येईल.’ मग बदल्या होतात, नवे साहेब येतात, त्यांना जुन्या परिच्छेदांत रस नसतो. आपल्याकडे लेखाआक्षेप फेटाळले जात नाहीत. ते प्रलंबित राहतात, आणि तेवढं पुरतं.

आगाऊ रकमेचंही तसंच. तातडीच्या कामासाठी संक्षिप्त देयकावर पैसे उचलता येतात. पुढे ठरल्या मुदतीत तपशीलवार देयक द्यायचं, म्हणजे पैसे कशावर गेले ते सांगायचं. अनुदानाचं उपयोगिता प्रमाणपत्रही असंच नंतर यायचं असतं. ही थकबाकी महालेखापरीक्षकांच्या अहवालांत वर्षानुवर्षं छापून येते. थकलेल्या कागदामागे चोरी असेलच असं नाही, बऱ्याचदा निव्वळ आळस असतो. पण कागद येत नाही तोवर आळस कुठला आणि अपहार कुठला, हे दिल्लीतून काय, मंत्रालयातूनही सांगता येत नाही.

आणि हे अहवाल सभागृहात कधी येतात? मुंबईत असो की नागपुरात, बहुधा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी. आमदारांच्या गाड्या तोवर गावाकडे निघालेल्या असतात, पत्रकारांच्या हाती जाडजूड ठोकळे पडतात, दुसऱ्या दिवशी दोन-तीन बातम्या येतात. चर्चा पुढच्या अधिवेशनात मागता येते. तोवर मात्र पुरवणी मागण्या आलेल्या असतात.