अहवाल चांगला, तरी हाड ठिसूळ
रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटते आणि हाडांची झीज वाढते. त्यात टाइप २ मधुमेह असेल, तर धोका लपून राहतो. डेक्सा तपासणीत अशा स्त्रीच्या हाडांची घनता पुष्कळदा सामान्य, किंबहुना अधिकच दिसते. परंतु दीर्घकाळ वाढलेली साखर हाडांतील कोलॅजन तंतू ताठर करते; नवे हाड घडण्याची क्रियाही मंदावते. म्हणून टी-स्कोअर उणे २.५ पर्यंत उतरलेला नसतानाही खुब्याचे हाड मोडू शकते. पायांची बधिरता आणि अधू दृष्टी यांमुळे तोल जातो. चौविहार वा उपवासात इन्सुलिनची किंवा काही गोळ्यांची मात्रा तशीच राहिल्यास साखर उतरून भोवळ येऊ शकते. तपाचा संकल्प करण्यापूर्वी मात्रेविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि केवळ घनतेच्या आकड्यावर घरातील स्त्रियांनी निर्धास्त राहू नये.