कुठले विल्सन?

गेल्या वर्षी इतिहासाच्या तासाला वाचण्यासाठी मी एक निबंध लिहिला होता. एकोणिसाव्या शतकातील पाश्चात्त्य पंडितांनी आपल्याकडे काय केले, असा काहीसा विषय होता. चार दिवस ग्रंथालयात बसून टिपणे काढली आणि मोठ्या ऐटीत लिहिले की, मुंबईत कॉलेज स्थापन करणाऱ्या डॉ. विल्सन यांनी कालिदासाचे मेघदूत इंग्रजीत नेले, ऋग्वेदाचे भाषांतर केले आणि अखेरच्या वर्षी हिंदुस्थानावर प्राप्तिकरही बसविला. केवढा हा व्यासंग! वर्गात कोणीही हसले नाही, कारण चूक कोणाच्याच लक्षात आली नाही. सरांनी मात्र निबंध परत देताना समासात दोनच शब्द लिहिले होते : "कुठले विल्सन?"

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. घरात कोणी नुसते 'जोशी' म्हटले की आजी लगेच विचारते, "कुठले जोशी?" गाव कळले, घराणे कळले, मुलाचे नाव वडिलांच्या नावाला जोडून कळले, म्हणजे मग तिचे समाधान होते. साहेबाच्या नावापुढे मात्र आपण हा प्रश्न विचारीत नाही. पुस्तकात एकदा 'विल्सन' आला की पुढचे सगळे विल्सन आपण त्याच्याच खात्यावर जमा करतो. मी तरी केले. त्यानंतर महिनाभर मी हे विल्सन वेगवेगळे करीत बसलो होतो, त्याची ही हकीकत आहे.

आधी नावाविषयी. विल्सन म्हणजे विलचा मुलगा, आणि विल हे विल्यमचे घरगुती रूप. 1066 साली नॉर्मंडीचा विल्यम इंग्लंडचा राजा झाला आणि त्याचे नाव पुढे गावोगाव पसरले. प्रत्येक गावात दोन-चार विल, त्यांचे मुलगे ते विल्सन. आपल्याकडे वडिलांचे नाव मधे येते व दर पिढीला बदलते. तिकडे ते कधीतरी एका पिढीत गोठले आणि आडनाव होऊन बसले. त्यामुळे दोन विल्सन एकमेकांचे नातलग असतीलच असे मुळीच नाही. उलट विल्यम्स, विल्किन्सन, विलिस ही वेगळी दिसणारी आडनावे त्याच एका विल्यमपासून निघालेली आहेत. स्कॉटलंडमध्ये स्मिथ आणि ब्राऊन यांच्या खालोखाल विल्सनच भेटतात, आणि हिंदुस्थानात नशीब काढायला, राज्य करायला किंवा धर्म सांगायला आलेल्यांत स्कॉटिश माणसे पुष्कळ होती. आपल्या वाट्याला इतके विल्सन का आले याचे बरेचसे उत्तर यातच आहे.

माझ्या निबंधातला गोंधळ तीन माणसांचा होता. पहिले मुंबईचे जॉन विल्सन. 1804 मध्ये स्कॉटलंडच्या सीमाभागातील लॉडर या गावी जन्मले, 1829 मध्ये मिशनरी म्हणून मुंबईस आले, मराठी शिकले आणि 1832 मध्ये त्यांनी इंग्रजी शाळा काढली. आजचे विल्सन कॉलेज तिच्यातून वाढले. चौपाटीसमोरची त्याची इमारत 1889 ची, म्हणजे विल्सन 1875 मध्ये वारल्यानंतरची आहे. दुसरे होरेस हेमन विल्सन. जन्म लंडनचा, 1786 चा. 1808 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचे डॉक्टर म्हणून ते बंगालात आले, कलकत्त्याच्या टांकसाळीत नोकरी केली आणि फावल्या वेळात संस्कृत शिकले. मेघदूताचे भाषांतर (1813), संस्कृत-इंग्रजी कोश (1819), विष्णुपुराण (1840) आणि 1850 पासून निघू लागलेले ऋग्वेदाचे भाषांतर हे सारे यांचे. तिसरे जेम्स विल्सन, प्राप्तिकराचे. त्यांच्याकडे मागाहून वळतो.

कोणी म्हणेल, दोघे पंडित, दोघांचा काळ एक, थोडी सरमिसळ झाली तर काय मोठे बिघडले? मलाही प्रथम तसेच वाटले होते. पण मुंबईच्या विल्सनांनी मोरभट दांडेकर यांच्याशी हिंदू धर्मावर जाहीर वाद घातला आणि 1832 मध्ये त्यांच्या पुस्तकाला उत्तर म्हणून स्वतःचे खंडनपर पुस्तक छापले. त्यांचा तो धर्म होता आणि व्यवसायही. कलकत्त्याचे विल्सन कंपनीचे नोकर. संस्कृत व अरबी विद्यांचा पैसा काढून तो इंग्रजीकडे वळविण्याचे 1835 मध्ये ठरले तेव्हा त्यांनी त्याविरुद्ध लिहिले. (ते आपल्या धर्माचे निस्सीम चाहते होते असेही समजू नये, सती बंद करण्याच्या कायद्याला त्यांचा विरोध होता, ही गोष्ट आज वाचताना घास अडकतो.) मी या दोघांना एक केले होते. मग माझ्या निबंधातला विल्सन सकाळी वेदांचे भाषांतर करी आणि संध्याकाळी मोरभटांशी भांडे, आणि त्यावरून मी पाश्चात्त्य पंडितांच्या 'दुटप्पी मनोवृत्ती'वर दीड पान खर्च केले होते! ती मनोवृत्ती कोणाची होती? कोणाचीच नाही. दोन माणसे जोडून मी ती तयार केली होती.

पण सगळा दोष माझ्याच माथी मारू नका. हे दोघे पुष्कळदा एकाच जागी भेटतात. जुनागडजवळ गिरनारच्या पायथ्याशी अशोकाचा शिलालेख आहे. 1835 च्या सुमारास जॉन विल्सन यांनी त्याची प्रतिकृती घेतली आणि ती पुढे कलकत्त्यास जेम्स प्रिन्सेपच्या हाती गेली. प्रिन्सेपने ती लिपी वाचली हे आपण शिकतोच. हा प्रिन्सेप टांकसाळीत आणि एशियाटिक सोसायटीच्या चिटणीसपदावर कोणाच्या जागी आला होता? होरेस विल्सन यांच्या. आणि पुढे 1850 च्या सुमारास त्याच गिरनारच्या लेखावर लिहिताना, लेखातला राजा पियदसी म्हणजे अशोकच कशावरून, अशी शंका कोणी काढली? होरेस विल्सन यांनीच. म्हणजे लेखाची प्रत देणारा एक विल्सन आणि तिच्या अर्थावर शंका घेणारा दुसरा. तळटीपेत दोघांचाही उल्लेख नुसता 'विल्सन' असा असला म्हणजे वाचणाऱ्याने काय करावे?

मराठीच्या बाबतीतही तेच. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या 1857 च्या आवृत्तीला मराठी भाषेची घडण आणि विस्तार यांवर एक प्रस्तावनापर लेख आहे. तो जॉन विल्सन यांचा. त्याच्या दोनच वर्षे आधी, 1855 मध्ये, महसूल आणि न्यायखात्यातील देशी शब्दांचा एक जाडजूड इंग्रजी कोश निघाला. त्यात कुळकर्णी, देशमुखी, वतन यांसारखे आपले शब्दही आहेत. तो होरेस विल्सन यांचा. ग्रंथालयात हे दोन कोश एकाच फडताळात, हाताच्या अंतरावर उभे आहेत.

आता जेम्स विल्सन. हेही स्कॉटिश सीमाभागातलेच. हॉइकचे, जन्म 1805. म्हणजे जॉन विल्सनांहून जेमतेम सहा महिन्यांनी लहान आणि जवळच्याच गावचे, पण नाते काही नाही. प्रथम टोप्या तयार करण्याच्या धंद्यात होते. 1843 मध्ये त्यांनी 'द इकॉनॉमिस्ट' हे साप्ताहिक काढले, 1853 मध्ये सनद मिळालेल्या चार्टर्ड बँकेचे तेच संस्थापक. 1857 च्या उठावाने सरकारी तिजोरी रिकामी झाली, तेव्हा ती सावरण्यासाठी त्यांना कलकत्त्यास धाडले. 1860 च्या फेब्रुवारीत त्यांनी अंदाजपत्रक मांडले आणि प्राप्तिकर सुचविला. वर्षाला दोनशे रुपयांहून कमी मिळकत असलेल्याला तो माफ होता. मद्रासचे गव्हर्नर ट्रेव्हेल्यन यांनी या कराला उघड विरोध केला, तर त्यांनाच परत बोलावण्यात आले. जुलैत कायदा झाला आणि 11 ऑगस्टला विल्सन अतिसाराने वारले. त्यांची कलकत्त्यातली कबर विस्मरणात गेली होती. 2007 मध्ये आयकर खात्याच्याच एका अधिकाऱ्याने ती शोधून काढली.

आणखी एक योगायोग. होरेस विल्सनही 1860 मध्येच, मे महिन्यात, लंडनला वारले. ऑक्सफर्डच्या संस्कृत अध्यासनावर ते 1832 मध्ये अवघ्या सात मतांनी निवडून आले होते. त्यांच्या जागेसाठी मॅक्स म्युल्लर आणि मोनियर विल्यम्स यांच्यात निवडणूक झाली आणि मुंबईत जन्मलेले विल्यम्स विजयी झाले. विल्सननंतर विल्यम्स, अध्यासन विल्यमच्याच लेकरांकडे राहिले म्हणायचे.

पुरुषांचे एवढे तरी होते, की आद्याक्षरे पाहून ओळख पटते. बायकांचे काय? मुंबईत मुलींच्या शाळा काढणाऱ्या 'मिसेस विल्सन' आणि कलकत्त्यात मुलींच्या शाळा चालविणाऱ्या 'मिसेस विल्सन' यांना मी बराच वेळ एकच समजत होतो. मुंबईच्या त्या मार्गारेट, जॉन विल्सनांच्या पत्नी. 1829 मध्ये आल्या, सहा वर्षे राबल्या आणि 1835 मध्ये वारल्या. कलकत्त्याच्या त्या मेरी ॲन कुक. 1821 मध्ये एकट्या आल्या, शाळा सुरू केल्या आणि 1823 मध्ये आयझॅक विल्सन नावाच्या मिशनऱ्याशी लग्न झाल्यावर 'मिसेस विल्सन' झाल्या. काम लग्नाआधीपासूनचे, नाव मात्र नवऱ्याचे. जुन्या पुस्तकांच्या सूचीत त्यांना शोधायचे तर दोन ठिकाणी शोधावे लागते.

गावे-ठिकाणे यांची कथाही निराळी नाही. आमच्या वर्गाची सहल भंडारदऱ्याला गेली तेव्हा तिथल्या विल्सन धरणावर उभे राहून एकाने "हेच ते कॉलेजवाले" असे सांगितले आणि सर्वांनी माना डोलावल्या. ते कॉलेजवाले नव्हेत. प्रवरेवरचे हे धरण 1926 मध्ये पुरे झाले, आणि त्याचे नाव तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्यावरून आहे. अमेरिकेत अलाबामा राज्यात टेनेसी नदीवरही एक विल्सन धरण आहे. ते दोनच वर्षे आधी, 1924 मध्ये पुरे झाले. ते राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्या नावाचे. या वुड्रोंचे पाळण्यातले नाव खरे तर थॉमस. वुड्रो हे त्यांच्या आईचे माहेरचे आडनाव. म्हणजे दोन आडनावे जोडून नाव पुरे झाले!

पावसाळ्यात आपल्या अरबी समुद्रात 'विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल' नावाचा चिमणीहून जरासाच मोठा काळपट पक्षी येतो. त्याची घरटी दूर अंटार्क्टिकाच्या बाजूला. तेव्हा कॅप्टन स्कॉटबरोबर दक्षिण ध्रुवावर जाऊन 1912 मध्ये परतीच्या वाटेवर मरण पावलेले डॉक्टर व पक्षिशास्त्रज्ञ एडवर्ड विल्सन हेच त्याचे धनी, असे कोणालाही वाटेल. पण पक्ष्याचे नाव आहे शंभर वर्षे आधीच्या अलेक्झांडर विल्सन यांचे. पेझली गावचा हा विणकर अमेरिकेत गेला आणि तिथल्या पक्ष्यांवर त्याने ग्रंथमाला लिहिली.

शेवटचा विल्सन मला ग्रंथपालांनी दिला. मी सूचीतली सगळी विल्सन मंडळी एका वहीत उतरवून घेतो आहे हे पाहून ते म्हणाले, "अरे, पुण्यात जन्मलेला एक विल्सन तुझ्याकडून राहिलाच की!" मी 'व' खाली शोधले, नाव नव्हते. ते विल्सन जोन्स : 1958 आणि 1964 मध्ये बिलियर्ड्सचे जागतिक हौशी अजिंक्यपद मिळविणारे, कोणत्याही खेळातले भारताचे पहिले विश्वविजेते. इथे विल्सन हे आडनाव नव्हतेच. ते त्यांचे स्वतःचे नाव. त्यांचे कार्ड 'ज' खाली होते.