थांबलेला श्वास आणि रेडमंडचे आकडे

वॉशिंग्टन राज्यातल्या रेडमंडचा आणि तान्ह्या बाळाच्या श्वासाचा काय संबंध, असं कुणालाही वाटेल. तो जुळला २०१६ च्या सुमारास. मायक्रोसॉफ्टमध्ये डेटा विश्लेषणाचं काम पाहणाऱ्या जॉन काहन यांचा मुलगा २००३ मध्ये जन्मानंतर काही दिवसांतच दगावला होता. निदान होतं सिड्स, म्हणजे वरवर निरोगी बाळाचा अचानक, कारण न सापडणारा मृत्यू. काहन यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या जन्म-मृत्यूच्या सरकारी नोंदी पिंजायला घेतल्या आणि मेंदू श्वास कसा चालवतो याचा अभ्यास करणारे सिएटल चिल्ड्रन्स संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ त्यांच्या सोबतीला आले. या भागीदारीचं खरं श्रेय मी संगणकाच्या ताकदीला देणार नाही. मेंदूच्या अभ्यासकांच्या शेजारी बसून आकडे वाचले गेले, हे तिचं वेगळेपण. तसं न झाल्यास काय होतं, याचा धडा अमेरिकेने आधीच गिरवला होता.

१९७२ मध्ये अल्फ्रेड स्टाइनश्नायडर यांनी मोजक्या पाच बाळांच्या निरीक्षणावरून मांडलं की झोपेत श्वास वारंवार थांबणं ही सिड्सची पूर्वसूचना असते. मग घरोघरी पाळण्यापाशी श्वास मोजणारी, थांबला की कर्कश वाजणारी यंत्रं आली. पुढे त्या पाचांपैकी दोन बाळांच्या आईलाच, आपल्या मुलांना गुदमरवून मारल्याबद्दल, १९९५ मध्ये दोषी ठरवण्यात आलं. हे प्रकरण सोडून दिलं तरी सिद्धान्त टिकत नव्हताच. २००१ च्या एका मोठ्या अभ्यासात निरोगी बाळांच्या श्वासातही असे खंड सर्रास आढळले आणि २००३ मध्ये अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सिड्स टाळण्यासाठी ही यंत्रं वापरू नयेत असं सांगून टाकलं. दुसरीकडे, बाळाला उताणं झोपवा, एवढंच सांगणाऱ्या १९९४ च्या मोहिमेनंतर हे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. यंत्राला जे जमलं नाही, ते कूस बदलल्याने जमलं!

असं का, याचं उत्तर मेंदूच्या तळाशी, मस्तिष्कपुच्छात आहे. १९९१ मध्ये जेफ्री स्मिथ आणि जॅक फेल्डमन यांच्या गटाने तिथला प्री-बॉट्झिंगर हा इवलासा पेशीसमूह दाखवून दिला. उंदराच्या पिल्लाच्या मेंदूचा पातळ काप बशीत जिवंत ठेवला, तरी या पेशी श्वासाचा ठेका धरून राहतात. यान-मारिनो रामिरेझ यांच्या गटाने २००० मध्ये त्यापुढची गोष्ट दाखवली: साधा श्वास, उसासा आणि आचका या तिन्हींचा ताल हेच एक जाळं धरतं आणि ऑक्सिजन घटला की स्वतःची घडण बदलून आचक्यावर येतं. आचका ही मेंदूची शेवटची सोय. पालथ्या बाळाच्या नाकापुढे त्याचाच उच्छ्वास साचतो. बहुतेक बाळं उसासा टाकतात, मान वळवतात, जागी होतात. ज्यांना ते जमत नाही, ती जातात. म्हणजे श्वास थांबणं हा दोष नव्हे, तो पुन्हा सुरू न होणं हा दोष. हॅना किनी यांच्या बोस्टनमधल्या गटाला अशा अनेक बाळांच्या मस्तिष्कपुच्छात सेरोटोनिन या रसायनाच्या यंत्रणेत बिघाड आढळला, तोही याच दिशेने बोट दाखवतो.

२०१९ मध्ये 'पेडियाट्रिक्स'मध्ये आलेला सिएटल-रेडमंडचा शोधनिबंध या पार्श्वभूमीवर वाचावा. तातियाना अँडरसन त्याच्या पहिल्या लेखिका. मेंदूतल्या श्वासजाळ्यांवर काम केलेल्या. २००७ ते २०११ मधल्या दोन कोटींहून अधिक जन्मांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. गरोदरपणी आईने सिगारेट ओढली असेल तर बाळाच्या अचानक मृत्यूचा धोका दुपटीहून जास्त, आणि दिवसाला एक ते वीसपर्यंत प्रत्येक सिगारेटमागे चढता. यावर आक्षेप ठरलेला: ओढणाऱ्या बायका बहुधा गरीबही असतात, मग दोष तंबाखूचा की गरिबीचा? शिवाय किती ओढली, हे त्यांनी स्वतःच सांगितलेलं. आक्षेप रास्त आहे. निव्वळ नोंदींतून कारण सिद्ध होत नाही. पण आईचं वय, शिक्षण यांसारख्या गोष्टींचा हिशेब धरूनही चढ टिकला, आणि गरोदरपणात सोडणाऱ्यांच्या बाळांचा धोका कमी निघाला. त्याहून मोठी साक्ष प्रयोगशाळेची. गर्भात निकोटीन मिळालेल्या उंदरांच्या पिल्लांना ऑक्सिजन तुटल्यावर आचके देऊन सावरणं अवघड जातं.

आमच्याकडे बायका कुठे सिगारेट ओढतात, असं म्हणून मराठी वाचकाने पान उलटू नये. स्वीडनमध्ये ओठाखाली तंबाखू ठेवणाऱ्या, धूर न घेणाऱ्या मातांच्या नवजात बाळांतही श्वास अडण्याचं प्रमाण वाढलेलं आढळलं, हे २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. २००४ मध्ये मुंबईतल्या १२१७ गरोदर स्त्रियांच्या अभ्यासात मिश्रीसारख्या तंबाखूमुळे बाळाचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं होतं. मिश्रीमुळे किती बाळं झोपेत जातात, हे मोजणं त्या अभ्यासाचं काम नव्हतं. पण ते मोजलं जाईपर्यंत थांबायचं कारण नाही: गरोदर बाईची तपासणी करताना डॉक्टरांनी आणि आशाताईंनी लोहाच्या गोळ्यांइतक्याच आवर्जून मिश्रीची चौकशी करावी.