नराचे निळे पाऊल

सागरी पक्ष्यांत भटक्या अल्बट्रॉसाचा नर मादीहून देहाने मोठा असतो आणि तीच सृष्टीची वहिवाट असावी असे आपण गृहीत धरून चालतो. परंतु मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यापासून गालापागोस व पेरूपर्यंत पॅसिफिक महासागराकाठी वास्तव्य करणाऱ्या निळ्या पायांच्या बूबीच्या घरी हा मामला नेमका उलटा असून तेथे मादीच नराहून सुमारे ३० टक्क्यांनी वजनदार असते. या भेदाच्या कारणांविषयी विद्वानांत मतैक्य नाही. हलक्या देहाचा नर उथळ पाण्यात चपळपणे सूर मारून इवल्या पिलांना मासे पुरवू शकतो, हा तर्क मला त्यातल्या त्यात ग्राह्य वाटतो.

वराची पसंती मात्र आकारावर नव्हे, पावलांवर ठरते. नर एकेक पाऊल उचलून मादीपुढे मिरवतो, चोच आभाळाकडे रोखतो, पंख पसरून शीळ घालतो. आणि त्या पावलांचा रंग आहारातील कॅरोटिनॉइड द्रव्यांवर अवलंबून असल्यामुळे, उपाशी ठेवलेल्या नरांची पावले ४८ तासांतच निस्तेज झाल्याचे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले, म्हणजे पाऊल हा त्याच्या चालू प्रकृतीचा दस्तऐवजच म्हणावयाचा. शिवाय जोडी जमली म्हणजे मादीची चौकशी संपली, असेही नाही. मेक्सिकोच्या इस्ला इसाबेल बेटावर, पहिले अंडे घातले गेल्यानंतर संशोधकांनी काही नरांच्या पावलांचा रंग मुद्दाम मंद केला, तेव्हा त्यांच्या माद्यांनी दुसरे अंडे लहान घातले.