मच्छीमार नगरचे पाणी आणि तिथीचा हिशेब

कफ परेडच्या उंच इमारतींच्या पायथ्याशी, बॅकबेच्या काठावर मच्छीमार नगर वसले आहे. तेथील पाण्याची पारख आपण बहुधा डोळ्यांनी वा नाकाने करतो. परंतु नितळ पाण्यातही मैल्यातील जिवाणू असू शकतात आणि गढूळपणा निव्वळ ढवळलेल्या गाळाचाही असतो. म्हणून मोजमापाची आवश्यकता.

मासेमारी व स्नान यांसाठी वापरावयाच्या किनारी पाण्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ‘एसडब्ल्यू-२’ हा वर्ग दिला आहे. त्यात विरघळलेला प्राणवायू लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम असावा आणि विष्ठाजन्य कोलिफॉर्म जिवाणू १०० मिलिलिटरमागे १०० हून अधिक नसावेत, असा निकष आहे. प्राणवायूची परीक्षा किनाऱ्यावरच आरंभावी लागते. बाटलीत मँगनीज सल्फेट व अल्कलीयुक्त आयोडाइड घालताच तपकिरी साका धरला तर प्राणवायू आहे. साका पांढराच राहिला तर नाही. विंकलर यांनी १८८८ मध्ये दिलेली ही रीत आमच्या मते शालेय प्रयोगशाळेलाही शोभावी, अर्थात शिक्षकांच्या देखरेखीखाली.

मात्र एका बाटलीवर विसंबू नये. भरतीला बाहेरच्या समुद्राचे पाणी मिसळून मैला विरळ होतो. ओहोटीच्या अखेरीस गटारांतून आलेले पाणी काठाशी उरते. एकाच ठिकाणचे, एकाच दिवसाचे दोन आकडे त्यामुळे परस्परांना खोटे पाडल्यासारखे दिसतात, आणि दोन्ही खरे असतात! येथे कोळी बांधवांचे ज्ञान उपयोगी पडते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजी वेळ मिळते: अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. भांगात पाण्याची अदलाबदल कमी, म्हणून घाण रेंगाळण्याचा संभव अधिक.

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर होऊन सुमारे ८०० टन तेल सांडले. अशा वेळी मासळीचे नुकसान किती, हे ठरविण्यास अपघातापूर्वीचे पाणी कसे होते याची नोंद हाताशी असावी लागते. ती संकट आल्यावर तयार करता येत नाही. महिन्यातून दोनदा, उधाणाला व भांगाला, ठरलेल्या जागी ओहोटीच्या अखेरीस नमुना घ्यावा. वहीत तारखेशेजारी तिथी, वेळ आणि आदल्या दिवशीचा पाऊस लिहावा. जिवाणूंसाठीची बाटली निर्जंतुक असावी व बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचवावी.